पदवी खरी कीं विकतची?

लग्न जमवावयाचें झाल्यास आपल्याकडील मंडळी किती चौकशी करतात, हें सांगावयास नको. मूळ गांव कोणतें, आजोळ कोठलें, मुलाची नोकरी कायमची कीं हंगामी, इतकेंच नव्हे तर शेजारीपाजारी काय म्हणतात, येथपर्यंत सारें विचारून घेतल्याखेरीज कोणी सुपारी फोडीत नाहीं. परंतु त्याच घरांतील मुलाला किंवा मुलीला महाविद्यालयांत घालावयाची वेळ आली, म्हणजे हा चौकसपणा कोठें जातो कोण जाणे! एखादें चकचकीत माहितीपत्रक, इमारतीचें रंगीत छायाचित्र आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' हे चार शब्द, एवढ्यावर घरांतील वडीलधारी माणसें लाख-दोन लाख रुपये मोजून मोकळीं होतात.

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. पूर्वेकडे कुकडी, मीना व घोड यांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षें, टोमॅटो आणि कांदा पिकविणारीं सधन गांवें. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशींत भातशेतीवर आणि हिरड्यावर गुजराण करणारीं आदिवासी खेडीं. पूर्वेच्या घरांत पैसा असतो, पण शेतीच्या व बाजाराच्या धांदलींत चौकशीला सवड नसते. पश्चिमेच्या घरांत पुष्कळदां महाविद्यालयाची पायरी चढणारें तें पहिलेंच मूल असतें. विचारावें तर कोणाला, हाच पेंच. फसविणाऱ्यास दोन्ही घरें सारखींच सोयीचीं.

आणि ज्या घरांत दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, तीं घरें तरी निर्धास्त आहेत काय? आजोबांच्या तरुणपणीं विद्यापीठें थोडीं होतीं. १८५७ सालचें मुंबई विद्यापीठ आणि १९४९ सालचें पुणें विद्यापीठ हीं दोन नांवें ठाऊक असलीं, म्हणजे या भागांतील गृहस्थाचें काम भागत असे. आतां राज्य विद्यापीठें, खासगी विद्यापीठें, अभिमत विद्यापीठें, मुक्त विद्यापीठें, स्वायत्त महाविद्यालयें असा मोठा पसारा झाला आहे. त्यामुळें शिकलेल्या माणसाचें जुनें ज्ञानच कधीं कधीं त्याला दगा देतें. 'विद्यापीठ' हा शब्द दिसला कीं तो मान तुकवितो. एकत्र कुटुंबांत तर एखाद्या चुलत्यानें 'मला ठाऊक आहे' असें म्हटलें, कीं बाकीचे गप्प बसतात. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

अधिकार कोणाचा?

पदवी म्हणजे गुरूनें शिष्याच्या पाठीवर दिलेली शाबासकी नव्हे. ती कायद्यानें दिलेल्या अधिकारांतूनच निर्माण होते. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणें पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे: संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्यानें स्थापन झालेलें विद्यापीठ, त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाखालीं अभिमत ठरलेली संस्था, आणि संसदेच्या कायद्यानें ज्यांना तो अधिकार खास दिला आहे अशा संस्था. चौथा कोणी नाहीं. कायद्यानें स्थापन न झालेल्या संस्थेनें आपल्या नांवांत 'विद्यापीठ' हा शब्द घालूं नये, असें तेविसावें कलम बजावतें. परंतु हीं कलमें मोडणारास चोविसाव्या कलमांत सांगितलेली शिक्षा आहे एक हजार रुपयांपर्यंत दंडाची! जेथें एकेका विद्यार्थ्याकडून लाखांनीं उकळतां येतें, तेथें हजाराच्या दंडाला भिणार कोण? फसवणुकीबद्दल फौजदारी कायद्याचा मार्ग निराळा आहे. पण तो पैसे गेल्यानंतरचा मार्ग होय.

या तटबंदीला एक खिंडारहि आहे. 'पदवी' व 'विद्यापीठ' हे शब्द कायद्यानें राखलेले आहेत. 'डिप्लोमा', 'प्रमाणपत्र', 'अकॅडमी', 'इन्स्टिट्यूट' हे शब्द तसे राखलेले नाहींत. म्हणून सावध लबाड पदवीचें नांवच घेत नाहीं. तो 'पदवीशीं समकक्ष असा डिप्लोमा' देतो. ही समकक्षता ठरविली कोणीं, एवढा एक प्रश्न विचारला, तर अर्धें सोंग तेथेंच गळून पडतें.

आयोग बनावट विद्यापीठांची यादी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करीत असतो. आपल्या नागपुरांतील 'राजा अरेबिक विद्यापीठ' हें नांव त्या यादींत कित्येक वर्षें झळकत आलेलें आहे. तथापि, यादींत नांव नाहीं म्हणून संस्था खरी, असा उलटा निष्कर्ष कोणीं काढूं नये. चोरांची यादी कधींच पुरी नसते. खऱ्या विद्यापीठांची यादीहि आयोगच प्रसिद्ध करतो, ती पाहावी.

तीन दुवे

खऱ्या शिक्षणसंस्थेची सांखळी तीन दुव्यांची असते. पहिला दुवा वर सांगितला: पदवी देणारें विद्यापीठ कायद्यानें स्थापन झालेलें आहे काय? दुसरा दुवा संलग्नतेचा: आपण जेथें प्रवेश घेणार, तें महाविद्यालय त्या विद्यापीठाशीं जोडलेलें आहे काय? जुन्नरचें श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचें अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, मंचरचें अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, घोडेगांवचें बी. डी. काळे महाविद्यालय, अवसरी खुर्द येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, हीं सर्व पुणें विद्यापीठाशीं, म्हणजे २०१४ पासून ज्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव दिलेलें आहे त्या विद्यापीठाशीं, संलग्न आहेत. अशी संलग्नता विद्यापीठाच्या यादींत कोणासहि पाहतां येते. संस्थेनें भिंतीवर लावलेल्या चौकटींतील पत्रावर न विसंबतां ती विद्यापीठाकडूनच पाहावी. वराची पत्रिका वराच्या मध्यस्थाकडून तपासून घेण्यांत अर्थ नाहीं.

याच ठिकाणीं कार्यक्षेत्राची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सार्वजनिक विद्यापीठाला कायद्यानें आपली सीमा आंखून दिलेली असते. या भागाचें सामान्य विद्यापीठ पुण्याचें. त्याखेरीज आरोग्यशास्त्रांसाठीं नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तंत्रशिक्षणासाठीं लोणेरें येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ, स्त्रियांसाठीं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ आणि घर सांभाळून शिकणारांसाठीं १९८९ सालीं निघालेलें नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, यांचा अधिकार राज्यभर चालतो. असें असतां एखाद्या बाजारपेठेंतील दोन खोल्यांच्या कार्यालयावर शेंकडों कोसांवरील परप्रांतीय विद्यापीठाची पाटी दिसली, तर तिजकडे संशयानेंच पाहावें. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना तर दुसरीं महाविद्यालयें संलग्न करून घेण्याची मुभाच नाहीं. विद्यापीठ खरें, पण त्याची ही शाखा खोटी, असा हा प्रकार असतो. आणि विद्यापीठाचें नांव खरें असल्यामुळेंच तो शिकलेल्या माणसालाहि चकवितो.

तिसरा दुवा अभ्यासक्रमाचा. ज्या विद्येच्या जोरावर पुढें व्यवसाय करावयाचा, तिला विद्यापीठाबरोबर त्या त्या परिषदेचीहि मान्यता लागते. अभियांत्रिकी व व्यवस्थापन यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, बी. बी. ए. व बी. सी. ए. हे अभ्यासक्रमहि २०२४-२५ पासून तिच्याच कक्षेंत आले आहेत. औषधनिर्माणशास्त्राला १९४८ च्या कायद्याखालील फार्मसी कौन्सिलची, वकिलीला बार कौन्सिलची, अध्यापनाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, परिचर्येला नर्सिंग कौन्सिलची आणि वैद्यकाला २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची. तंत्रनिकेतनांतील डिप्लोमाची परीक्षा राज्याचें तंत्रशिक्षण मंडळ घेतें. औषधांचें दुकान काढूं इच्छिणाऱ्या मुलानें मान्यता नसलेल्या संस्थेंत दोन वर्षें काढलीं, तर त्याचें नांव फार्मासिस्ट म्हणून नोंदलेंच जाणार नाहीं. मग हातांतील कागद कितीहि जाड असो. परिचारिकेच्या बाबतींतहि तेंच. ए. एन. एम. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जी. एन. एम. चा तीन वर्षांचा असतां, 'सहा महिन्यांत नर्स व्हा' म्हणणाऱ्या संस्थेंतून बाहेर पडणारी मुलगी कोणत्याहि नोंदवहींत परिचारिका नसते. तिला काम मिळालेंच, तर बिननोंदणीचें व तुटपुंज्या पगाराचें. आणि रुग्णाच्या जिवाची जोखीम वेगळीच.

हे तिन्ही दुवे एकाच वर्षाचे असले पाहिजेत. मान्यता ही एकदां मिळाली म्हणजे जन्माची, असें नाहीं. ती अभ्यासक्रमागणिक व जागांच्या संख्येगणिक असते. साठ जागांची परवानगी असतां नव्वद मुलें भरणाऱ्या संस्थेंत एकसष्टावा मुलगा परीक्षेच्या दारांतच अडतो. म्हणून प्रवेश झाल्यावरहि पहिल्या सत्रांतच विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मुलाला मिळाला कीं नाहीं, हें पालकांनीं विचारीत राहावें.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे

लबाड संस्थेच्या माहितीपत्रकावर मुद्रांची कमतरता नसते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील क्रमांक, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील क्रमांक, लघुउद्योग म्हणून केलेली नोंद, आय. एस. ओ. चें प्रमाणपत्र, असे आंकडे ती ठळक छापते. हे आंकडे पुष्कळदां खरेहि असतात, आणि तेथेंच खरी मेख आहे. भजनी मंडळ, व्यायामशाळा, वाचनालय यांचीहि अशीच नोंदणी होते. तिनें पदवी देण्याचा अधिकार येत नाहीं. आय. एस. ओ. चा संबंध कारभाराच्या पद्धतीशीं आहे. तेथें शिकवितात काय, आणि त्याची किंमत काय, याच्याशीं नाहीं.

जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वींचे शिलालेख आहेत. कोणीं दान दिलें, कशासाठीं दिलें, त्याची ठेव कोणत्या श्रेणीकडे ठेवली, हें त्यांत कोरलेलें आढळतें. बांबूचें काम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी यांचीं नांवें तेथें आहेत. ज्या व्यवहाराला उजेडाचें भय नाहीं, तो असा चव्हाट्यावर मांडलेला असतो. खऱ्या महाविद्यालयाचेंहि तसेंच. त्याचा संकेतांक, जागांची संख्या, शिक्षकांचीं नांवें व शिक्षण, ठरलेलें शुल्क हें सारें उघड पाहतां येतें. 'तें तुम्हांला प्रवेश झाल्यावर समजेल' असें उत्तर ज्या कार्यालयांत मिळतें, तेथून चहाहि न घेतां उठावें.

मान्यता आणि योग्यता

येथें एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनांत येईल. सरकारी शिक्का हीच काय विद्येची कसोटी? या शंकेचें उत्तर आपल्या पुण्याच्याच इतिहासांत आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें, तेव्हां त्याच्या पदवीला सरकारची मान्यता नव्हती; वैधानिक विद्यापीठाचा दर्जा मिळावयास १९५१ साल उजाडावें लागलें. १९२१ सालीं निघालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९८७ सालीं. म्हणून कर्व्यांची पदवी खोटी होती काय? मुळींच नाहीं. तेथें खरे शिक्षक खरें शिकवीत होते, आणि या पदवीनें सरकारी मान्यता मिळत नाहीं ही गोष्ट कोणापासून लपविलेली नव्हती. मुलींना पाठविणारे पालक जाणून-बुजून पाठवीत होते.

आणि योगायोग असा, कीं त्याच १९१६ सालीं हिंदुस्थान सरकारनें वैद्यकीय पदव्यांचा कायदा केला, तो पाश्चात्य वैद्यकाच्या पदव्या अधिकार नसतां देणारांना व त्या नांवापुढें लावणारांना आळा घालण्यासाठीं. एकाच सालांतील हीं दोन उदाहरणें शेजारीं ठेवलीं, म्हणजे भेद स्पष्ट होतो. मान्यता नसणें हें लबाडीचें लक्षण नव्हे; मान्यता नसतां ती आहे असें भासविणें, हें लबाडीचें लक्षण होय. एखादा गायनाचा वर्ग, शिवणाचा वर्ग, संगणकाचा वर्ग मान्यतेवांचून उत्तम चालूं शकतो. त्यानें पदवीचें सोंग मात्र आणूं नये.

याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. मान्यता ही तळाची पायरी. ती असली म्हणजे शिक्षण चांगलें असेलच, असें नाहीं. म्हणून कागद पाहून झाल्यावर पायांनीं जाऊन पाहावें. ग्रंथालयांतील पुस्तकांवर धूळ आहे कीं बोटांचे ठसे, प्रयोगशाळेंतील उपकरणें कपाटांत बंद आहेत कीं टेबलावर, शिक्षक वर्गांत आहेत कीं नुसत्या पाटीवर, हें अर्ध्या तासांत कळतें. मागील वर्षीं उत्तीर्ण झालेल्या चार मुलांना गांठून विचारावें. तें कोणत्याहि जाहिरातीहून अधिक बोलकें असतें.

हा रोग केवळ आपलाच नव्हे

विकतच्या पदव्यांचा धंदा जगांत जुना आहे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं जॉन ब्युकॅनन नांवाचा गृहस्थ वैद्यकाच्या पदव्यांची सर्रास विक्री करीत असे. १८८० सालीं तो पकडला गेला. त्याच देशांत कॅलिफोर्नियांतील ट्राय-व्हॅली नांवाच्या विद्यापीठावर २०११ सालीं सरकारी धाड पडली, तेव्हां तेथें नांव घातलेल्या विद्यार्थ्यांत बहुसंख्य आपल्या देशांतलेच निघाले. शिक्षणासाठीं म्हणून गेलेल्या त्या मुलांच्या परदेशांतील वास्तव्याचाच प्रश्न उभा राहिला. परदेशाचें नांव आलें, म्हणजे चौकशी दुप्पट करावी, ती याकरितां.

आपल्या देशांत छत्तीसगड राज्यानें २००२ सालीं केलेल्या कायद्याखालीं शंभराहून अधिक खासगी विद्यापीठें निघालीं. त्यांतील पुष्कळ केवळ कागदावर. शास्त्रज्ञ यशपाल यांनीं दाद मागितल्यावर सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं त्या कायद्याचीं मूळ कलमेंच रद्द केलीं. पुढें २०१७ सालीं त्याच न्यायालयानें, कांहीं अभिमत विद्यापीठांनीं तंत्रशिक्षण परिषदेच्या संमतीवांचून पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या ग्राह्य धरण्यास नकार दिला. ज्यांनीं त्या पदव्यांवर नोकरींत बढत्या मिळविल्या होत्या, त्यांची कल्पना करावी! विद्यापीठ खरें, पदवीदान समारंभ खरा, आणि तरीहि पदवी हातांतून गेली, कारण तिसरा दुवा नव्हता. दूरशिक्षण वाईट, असा याचा अर्थ नाहीं; इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानें व नाशिकच्या मुक्त विद्यापीठानें हजारों गृहिणींना व नोकरदारांना पदवीधर केलें आहे. मात्र दूरशिक्षणाच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची संमति आहे काय, हें पाहिल्याविना अर्ज भरूं नये.

वडीलधाऱ्या मंडळींच्याच कामीं येईल, अशीहि एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. हल्लीं 'मानद डॉक्टरेट' देऊं करणारीं पत्रें अनेक प्रतिष्ठित गृहस्थांना येतात. भाड्याच्या सभागृहांत झगा चढवून, देणगीच्या नांवाखालीं रक्कम घेऊन, हा मान दिला जातो. ज्या संस्थेला साधी पदवी देतां येत नाहीं, तिला मानाची पदवी देण्याचा अधिकार कोठून आला? घरांतील आजोबांनींच असली पदवी दारावरील पाटीवर लावली, तर नातवाला सावधगिरी शिकविणार कोणी?

पैसे आणि कागद

व्यवहाराचे कांहीं नियम पाळण्यासारखे आहेत. प्रवेशासाठीं ठरलेल्या शुल्कावर जादा रक्कम घेणें हें महाराष्ट्रांत १९८७ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. म्हणून पावती न देतां मागितलेला रुपया हा धोक्याचा कंदील समजावा. शुल्क संस्थेच्या खात्यांतच भरावें, मध्यस्थाच्या हातीं देऊं नये. मूळ गुणपत्रिका व दाखले संस्थेनें पाहून परत करावयाचे असतात. ते अडकवून ठेवूं नयेत, असें आयोगानें २०१८ सालीं बजाविलें आहे. 'आजच भरा, उद्यां जागा नाहीं' असा तगादा लावणाऱ्याला उद्यांचाच वायदा द्यावा. तीन वर्षांची पदवी तीन महिन्यांत, मागील तारखेची गुणपत्रिका, परीक्षा घरबसल्या, असें कोणी सुचविलें तर तेथें आपणहि गुन्ह्याचे भागीदार होतों, हें विसरूं नये.

एक सोपी कसोटी शिष्यवृत्तीची आहे. शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचें व त्या अभ्यासक्रमाचें नांव दिसतें काय, हें पाहावें. आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालय घोडेगांवींच आहे. पश्चिम भागांतील पालकांनीं तेथें जाऊन विचारल्यास फुकट उत्तर मिळेल. ज्या अभ्यासक्रमाला सरकार शिष्यवृत्ति देत नाहीं, त्याला आपण जमीन गहाण टाकून पैसे कां द्यावेत, याचा विचार करावा.

आणि फसगत झालीच, तर लाजेनें झांकून ठेवूं नये. पावत्या, जाहिराती, मोबाइलवरील संदेश जपून ठेवावे. विद्यापीठाकडे व संबंधित परिषदेकडे लेखी तक्रार करावी. पोलिसांत फिर्याद द्यावी. ग्राहक आयोगाचें दार ठोठावण्यापूर्वीं मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा. एका घरानें तोंड उघडलें, तर पुढचीं दहा घरें वांचतात. चार लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलेलें घर त्या लबाडाचीच जाहिरात करीत असतें.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. पुष्कळ घरांत मुलासाठीं 'चांगलें' महाविद्यालय शोधतात आणि मुलीसाठीं 'जवळचें'. मुलासाठीं पुण्यापर्यंत खेटे घालणारे काका मुलीच्या वेळीं कोपऱ्यावरच्या संस्थेची पाटीहि नीट वाचीत नाहींत. 'तिला कोठें नोकरी करावयाची आहे?' असें म्हणून विषय संपवितात. पुढें संसारावर प्रसंग ओढवला, म्हणजे हीच मुलगी ट्रंकेच्या तळांतून तो कागद काढते, आणि तेव्हां तिला कळतें कीं त्या कागदाला बाजारांत मोल नाहीं. गेलेले पैसे कदाचित् पुन्हां मिळतील. अठराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंतचा काळ पुन्हां मिळत नाहीं. म्हणून यंदां ज्यांच्या घरीं मूल महाविद्यालयांत जाणार आहे, त्यांनीं घरांतील एका माणसावर हें चौकशीचें काम सोंपवावें, आणि मुलगा असो वा मुलगी, तिन्ही दुवे पाहिल्यावांचून पहिला हप्ता भरूं नये.